ओडरचे मासे नुसत्या उन्हाने मेले नाहीत

पोलंड-जर्मनी सीमेवरच्या ओडर नदीतले मासे २०२२ च्या ऑगस्टमध्ये उष्णतेने मेले, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. ऊन होतं, पाणीही आटलं होतं. पण मासे मारले ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या विषारी शेवाळाने. समुद्रापासून इतक्या आत ते आलंच कसं? पोलंडमधल्या खाणींचं खारट पाणी नदीत सोडतात. पात्र भरलेलं असलं की ते खपून जातं, आटलं की खारटपणा वाढतो. त्यात हे 'सोनेरी शेवाळ' फोफावलं आणि त्याच्या विषाने माशांचे कल्लेच निकामी झाले. सुमारे ३६० टन मासे गेले, शिंपले-गोगलगायी वेगळ्याच. सुरुवातीला तर नदीत पारा (विषारी धातू) मिसळल्याची आवई उठली होती! दोन्ही सरकारं एकमेकांवर खापर फोडत होती, तेव्हा काठावरचे लोक हातमोजे घालून मेलेले मासे बादल्यांत भरत होते.