मदत हवी आहे: घरगुती इलेक्ट्रॉनिक हाय-हॅट, 'अर्धी उघडी' कळतच नाही

झांजमास्तर
हाय-हॅटसाठी (ड्रमसेटमधली पायाच्या पेडलने उघडझाप होणारी झांजांची जोडी) चुंबकाचा सेन्सर बनवलाय. सेन्सर खाली, चुंबक वर. बंद कळते, उघडी कळते, मधलं काहीच कळत नाही. पाय जरासा उचलला की एकदम पूर्ण उघडी वाजते. कोडमध्ये काही चूक दिसत नाही. शनिवारी वाजवायची आहे, त्यामुळे लवकर सांगा. "तयार विकत घ्या" कृपया लिहू नये, किंमत मला माहीत आहे.

ओहमकार
सेन्सरचा नंबर? चुंबकाचं माप? बंद असताना दोघांत अंतर किती? बोर्ड कोणता? आवाज ड्रम मॉड्यूलमधून येतो की संगणकातून? डॉक्टरांना फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणण्यातला प्रकार झाला हा.

तपकीरगल्ली
मी सांगतो काय झालंय. दुकानात नुसतं "हॉल सेन्सर द्या" (म्हणजे चुंबकक्षेत्र ओळखणारा) म्हटलं की ३१४४ हातात पडतो. तो स्विच आहे, चालू किंवा बंद, मधलं त्याला कळतच नाही. ४९ई मागायचा, तो क्षेत्र किती ते सांगतो. बुधवार पेठेत सहज मिळेल. विषय संपला.

झांजमास्तर
४९ईच आहे, त्यावर लिहिलंय. आकडे बदलतात. बंद असताना ७५२, पूर्ण उघडी असताना ५१४ ते ५१८ मध्ये नाचतो.

तपकीरगल्ली
मग चार पिनांचं मॉड्यूल असणार आणि तुम्ही डिजिटल पिन जोडली असणार. त्यावरचा निळा पोटेन्शिओमीटर फिरवून बघा.

ओहमकार
अहो, डिजिटल पिनवर नुसतं ० किंवा १, तिथून ७५२ कसा येईल? अॅनालॉगच जोडलंय त्यांनी.
झांजमास्तर, बरोब्बर अर्धी उघडी असताना आकडा किती? आणि बाकीच्या प्रश्नांचं काय?

झांजमास्तर
५३६ च्या आसपास. निओडिमियम चकती, १० मिमी व्यास, ३ मिमी जाडी. क्लचच्या (वरची झांज रॉडला धरणारी पकड) खाली चिकटवली आहे. बंद असताना सेन्सरपासून ५ मिमी, पूर्ण उघडल्यावर ३० मिमी. बोर्ड आर्डुइनो ऊनो. संगणकावर वाजवतो.

कॅलिपर
आता बोलता येईल. कोड ठीक आहे, सेन्सरही ठीक आहे. चुंबक लहान आहे.

चुंबकाचं क्षेत्र अंतराबरोबर सरळ रेषेत कमी होत नाही. लांब गेल्यावर ते जवळपास अंतराच्या घनाच्या प्रमाणात पडतं, म्हणजे अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येतं. १० बाय ३ ची एन३५ (ही चुंबकाच्या ताकदीची श्रेणी) चकती धरली तर ५ मिमीवर साधारण ८४५ गॉस, १० वर २३५, २० वर ४२ आणि ३० वर १४ गॉस मिळतात. ४९ई ला ५ व्होल्ट दिले की गॉसमागे सुमारे १.४ मिलिव्होल्ट मिळतात आणि ऊनोची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची असते. चुंबक नसताना आकडा ५१२ धरा. मग ५ मिमीवर २४२ पायऱ्या वर, १० वर ६७, २० वर १२, ३० वर ४. तुमचे ७५२ आणि ५१६ यात नेमके बसतात.

म्हणजे पहिल्या ५ मिमीतच पाऊणशे टक्के आकडे संपले. पुढचे २० मिमी उरलेल्या साठेक पायऱ्यांत, आणि शेवटचे १० मिमी तर आठ पायऱ्यांत. त्यात तुमचा आकडा उघडी असताना चार पायऱ्या नाचतोय. मधलं कळणार कसं?

उपाय: २० बाय ५ ची चकती घ्या आणि बंद स्थितीत अंतर १० मिमी ठेवा, त्याहून कमी नको. ८ मिमीवरच १००० गॉस होतात, तिथून पुढे ४९ई भरून जातो आणि आकडा थांबतो. हालचाल २० मिमीवर आणा, एवढी उघडी पुरे. अपेक्षित आकडे असे: १० मिमीवर ७२७, १५ वर ६१९, २० वर ५७०, २५ वर ५४७, ३० वर ५३४. तुमच्याकडे थोडे वेगळे येतील, कारण क्लच आणि रॉड स्टीलचे आहेत. म्हणून पट्टी लावून स्वतः मोजा. कोडमध्ये या पाच जागांना १२७, ९५, ६४, ३२, ० नेमून द्या आणि दोन जागांच्या मधे सरळ रेषा धरा. एकच सरळ मॅप वापरलात तर चकती बदलूनही हाच धागा परत काढाल.

स्पीकरफोड्या
नवीन कशाला घेता? बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा, फुटका स्पीकर घ्या, मागची फेराइटची गोल कडी काढा. मधून रॉड आरपार जातो, बसवायची कटकटच नाही.

कॅलिपर
नको. कडीच्या अक्षावर भोकाजवळ क्षेत्राची दिशा उलटते. झांज खाली येताना आकडा आधी चढेल, मग उतरेल, आणि दोन वेगळ्या जागांना एकच आकडा मिळेल. हे कोडने सुधारता येत नाही. शिवाय मधला रॉड स्टीलचा, म्हणजे क्षेत्र त्यातूनच निघून जाणार.

स्पीकरफोड्या
सेन्सर अक्षावर ठेवायला कोणी सांगितलं? कडीच्या अंगाखाली ठेवा.

कॅलिपर
मग झांज डुलली की अंतर बदलणार. चकतीलाही तो धोका आहे, पण चकती रॉडला लागून बसवता येते. सेन्सरचा कंसही अॅल्युमिनियम किंवा अॅक्रिलिकचा करा. लोखंडी पट्टी जवळ आली की सगळं गणित चुकतं.

पितळी_नट
एवढी आकडेमोड करण्यापेक्षा एएस५६०० लावा. कोन मोजतो, एका फेऱ्याला ४०९६ पायऱ्या. पेडलच्या बिजागरीच्या पिनेच्या टोकाला ६ मिमीचं चुंबक, समोर अर्धा ते तीन मिमीवर चिप. पेडल १२ अंश फिरलं तरी १३६ पायऱ्या मिळतात आणि त्या सरळ रेषेत. तक्ताबिक्ता काही लागत नाही. आयटूसीच्या दोनच तारा.
एकच लक्षात ठेवा: चुंबक व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलं हवं. साधी चकती फिरवली तर आकडा हलणार नाही.

ओहमकार
उपाय चांगला आहे, पण पिन पेडलबरोबर फिरते की जागेवरच राहते ते आधी बघायला हवं. स्थिर असेल तर भोसरीला जाऊन लेथवर पिन करून घ्यावी लागेल. शिवाय क्लच सरकवला की 'बंद'चा कोन बदलतो. शनिवारपर्यंत चकतीच बरी.

शनवारातली
खालच्या मजल्यावर पेडलचा धपधप आवाज जातो. दोन प्लायवुडच्या फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू अर्धे कापून ठेवायचे आणि त्यावर पेडल ठेवायचं. शेजारी दार वाजवत नाहीत.

झांजमास्तर
मी तळमजल्यावर राहतो.

शनवारातली
बाकीच्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

टिपरूवाला
ढोल-ताशा पथकात या. तिथे अर्धं उघडं काही नसतं.

झांजमास्तर
२० बाय ५ लावली. मधले आकडे यायला लागले! बंद ७१८, उघडी ५३१. तक्ता टाकला. पण आता पॅडवर काठी मारली की मधेच सीसी ४ (हाय-हॅट किती उघडी ते संगणकाला सांगणारा मिडी आकडा) उडी मारतो, १०-१५ ने. काय करू?

ओहमकार
पॅडचा पिएझो (काठीचा फटका ओळखणारा सेन्सर) याच बोर्डावर आहे का? हे आधी का नाही लिहिलंत?

झांजमास्तर
हो, ए१ वर. त्यात काय? १ मेगाओहमचा रोध लावलाय. सेन्सर ए० वर.

ओहमकार
त्यातच सगळं आहे. ऊनोत एकच एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी यंत्रणा), ती पिना आळीपाळीने वाचते. आतल्या छोट्या कपॅसिटरमध्ये आधीच्या पिनेचा व्होल्टेज उरतो आणि तो पुढच्या वाचनात मिसळतो. १ मेगाओहमसारखा उच्च रोध असलेल्या पिनेवर हा घोळ सर्वांत जास्त होतो, पण पिएझोच्या टोकावरचा मोठा व्होल्टेज शेजारच्या पिनेलाही सोडत नाही. प्रत्येक वेळी ए० दोनदा वाचा आणि पहिला आकडा टाकून द्या. पिएझोच्या पिनेला ५ व्होल्टच्या वर आणि शून्याच्या खाली अडवणारे दोन डायोड नसतील तर तेही लावा. नाहीतर एक दिवस चिप जाईल.

कॅलिपर
थांबा. आधी पिएझोची तार काढून काठी मारून बघा. तरीही उडी दिसली तर ते यांत्रिक आहे: चुंबक झांजेला चिकटवलं असेल तर फटक्याने ते डुलणारच. ते क्लचलाच हवं, आणि अराल्डाइटने, सुपरग्लूने नको. धक्क्याने तो सुटतो. चुंबक लावून झाल्यावर जवळ सोल्डरिंग नको, साधं एन श्रेणीचं निओडिमियम ८० अंशांच्या वर ताकद गमावतं.
सेन्सरच्या पायांपाशी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आहे ना?

झांजमास्तर
नाही. कुठे लिहिलं होतं?

तपकीरगल्ली
डेटाशीटमध्ये.

झांजमास्तर
तार काढल्यावर उडी गेली. दोनदा वाचून कपॅसिटर लावला, आता स्थिर आहे. उघड्या टोकाला मात्र अजून एक-दोनने थरथरते. आणि नुसत्या पायाने दाबून 'चिक' कसा वाजवायचा?

कॅलिपर
१६ वाचनांची सरासरी घ्या. एक वाचन साधारण ११० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे सगळी मिळून दोन मिलिसेकंदांच्या आत. बेरीज ४ ने भागून १२ बिटांचा आकडा ठेवा, तक्ताही ४ ने गुणून घ्या. आणि मूल्य २ किंवा जास्त बदललं तरच सीसी पाठवा.

'चिक'साठी मूल्य ६४ ओलांडल्यापासून १२० ओलांडेपर्यंतचा वेळ मोजा. ४० मिलिसेकंदांपेक्षा कमी असेल तर ४४ नंबरची मिडी नोट (पायाने बंद केलेल्या हाय-हॅटची) पाठवा, वेळ जितका कमी तितका जोर जास्त. पुन्हा ६४ च्या खाली येईपर्यंत दुसरी पाठवू नका, नाहीतर दाबून धरताना दोन वाजतील. आधी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये १२७ म्हणजे बंद आहे की उघडी, ते तपासा.

पितळी_नट
एएस५६०० असता तर तक्ता लागलाच नसता.

स्पीकरफोड्या
कडीचा प्रयोग अजून कोणी करून बघितलेला नाही, हे नोंदवून ठेवतो.