मदत हवी आहे : तीस हजारांत फक्त सिनेमे आणि मॅच बघायला हलका लॅपटॉप

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप घ्यायचाय, पण कामासाठी नाही. कामाचा कंपनीने दिलाय आणि त्यावर यूट्यूबसुद्धा ब्लॉक आहे. मी साक्री तालुक्यात सोलरच्या साइटवर असतो, सुट्टीला पुण्याला येतो. संध्याकाळी सातनंतर खोलीवर जुने सिनेमे, यूट्यूबवरची नाटकं, आयपीएल आणि हार्ड डिस्कवर साठवलेला माल, एवढंच बघायचं असतं. गेम नाही, एडिटिंग नाही. खोलीत आम्ही दोघं, त्यामुळे मोबाइलवर भागत नाही. 'टॅब घ्या' म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, माझी एनटीएफएसची (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली) हार्ड डिस्क मित्राच्या टॅबने ओळखलीच नाही.

बजेट ३०,०००. एसटीने ये-जा असते, म्हणून चार्जरसकट दोन किलोच्या आसपास हवा.

धुळ्यात दोन मशीन बघितली. एक नवं, १५.६ इंची, इंटेल एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, २७,०००. पेनड्राइव्हवर मुद्दाम रात्रीचे प्रसंग असलेला सिनेमा नेला होता. समोरून ठीक दिसला. पडदा जरा मागे झुकवला की काळोख राखाडी, आणि खालच्या बाजूने बघितलं तर चेहरे निगेटिव्हसारखे. दुकानदार म्हणतो, "साहेब, समोर बसून बघा ना." अहो, एक जण खाटेवर आणि एक जण खाली सतरंजीवर, दोघं समोर कसे बसणार? आवाज काउंटरवर खणखणीत होता, पण सॅकवर ठेवून लावला तर पार बसला, कारण स्पीकर तळाला.

दुसरं रिफर्बिश्ड (जुनं, दुरुस्त करून विकलेलं) थिंकपॅड टी४८०, इंटेलचा आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, १४ इंची फुल एचडी आयपीएस (कुठल्याही कोनातून नीट दिसणारा) पडदा, १८,०००, दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी. पडदा कुठूनही बघा, छान. पण मॉडेल २०१८चं. बॅटरी किती उरली असेल? विंडोज ११ चालेल ना? आणि यूट्यूबचे एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) व्हिडिओ जुन्या प्रोसेसरवर अडकतात असं वाचलंय. नवं घेऊन पडद्याशी तडजोड करू की जुनं घेऊन जोखीम?

प्रतिसाद १

बघण्यासाठीच घेताय तर पडदा सोडून बाकी सगळं दुय्यम. नव्या मशीनचा तुम्ही वर्णन केलाय तो टीएन पडदा आहे, स्वस्तातला, कोन बदलला की रंग बिघडणारा, तो सेटिंगने सुधारत नाही. एन१०० वाईट नाही. ६ वॅटचा प्रोसेसर, एव्ही१ हार्डवेअरवरच उलगडतो. पण टी४८०ला एव्ही१ येत नसलं तरी व्हीपी९ आणि १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओच्या त्याआधीच्या पद्धती) येतं. यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१चं प्राधान्य कमी करा, काम झालं.

विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी चालते. फक्त मशीनवरचं मॉडेल नीट बघा : टी४७० दिसायला जवळजवळ तसंच असतं, आणि सहाव्या-सातव्या पिढीचं ते मशीन विंडोज ११च्या यादीत नाही. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. आणि 'टी४८०' म्हणून टीएन पडद्याचीही मशीन विकली जातात, तेव्हा जो पाहिलात तोच घ्या, 'आतून दुसरा काढून देतो' म्हणाला तर नको.

बॅटरीसाठी दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. डिझाइन कपॅसिटीच्या (नवी असतानाची क्षमता) मानाने फुल चार्ज कपॅसिटी (आताची) सत्तर टक्क्यांखाली असेल तर भाव पाडा. यात एक बॅटरी आत, एक मागे. मागची मशीन चालू असतानाच बदलता येते. लोडशेडिंगच्या गावी हे सोन्याहून पिवळं.

प्रतिसाद २

एक गोष्ट कुणी बोललं नाही. साइटवर नेट बेताचं असेल आणि नेटफ्लिक्स डाउनलोड करून बघायचा विचार असेल, तर २०२४पासूनच्या विंडोज अॅपमध्ये डाउनलोडची सोय काढून टाकली आहे. मोबाइलवर होतं, लॅपटॉपवर नाही. यूट्यूब प्रीमियम असेल तर क्रोममध्ये डाउनलोड होतं.

स्पीकर टी४८०चेही तळालाच आहेत, तेव्हा आवाजाची फार आशा नको. हजारभराचा छोटा स्पीकर घ्या, तोही वायरचा. स्वस्त ब्लूटूथवर कधी कधी ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो. नाटकात फार खटकतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. नेटफ्लिक्सचं माहीतच नव्हतं, त्यासाठी प्लॅन घेणार होतो, ते पैसे वाचले. शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा धुळ्याला जातो, रिपोर्ट काढून घेतो आणि १६,०००ला मागतो. मागची ७२ वॅटअवरची बॅटरी कुणी वापरतंय का? वजन फार वाढतं का?

प्रतिसाद १

२४ वॅटअवरच्या बॅटरीपेक्षा जाणवण्याइतकं वाढतं, आणि ७२ची खालून बाहेर आलेली असते. मशीन मागून उचललं जातं. मांडीवर बोचतं, पण टेबलावर स्पीकरला जरा हवा मिळते. प्रवास फार असेल तर २४चीच ठेवा.