छोट्या ट्रॅक्टरला बॅकहो लावायचाय, घरी सबफ्रेम बनवण्याबद्दल सल्ला हवा

सत्तरीचा_कुळागरी
मंडळी, गोव्यात वाळपईजवळ कुळागर (पोफळी-माडांची बाग) आहे. २७ एचपीचा फोर-व्हील ट्रॅक्टर आहे, आता सेकंडहँड बॅकहो (मागे लावायचा खोदाईचा हात) मिळालाय, थ्री-पॉइंटला, म्हणजे मागे अवजारं जोडायच्या तीन टोकांना, अडकवायचा. पाट उपसणे आणि नवीन माडांचे खड्डे एवढंच काम. पण नुसत्या थ्री-पॉइंटवर चालवू नका, खालून सबफ्रेम (ट्रॅक्टरखालून जाणारी लोखंडी चौकट) घ्या असं ऐकतोय. बजेट ४० हजार, मजुरीसकट. १०० बाय ५० एमएमचा सी-चॅनल (सी आकाराची लोखंडी पट्टी) पुरेल? साखळी-डिचोलीकडे कोणी चांगला फॅब्रिकेटर?

माशेलवाला
कशाला हे उपद्व्याप? तासावर जेसीबी बोलवा, दुपारपर्यंत काम खलास.

दक्षिणेचा_भाटकार
मी सरळ ५० एचपीचा घेतला, बॅकहो फॅक्टरीतूनच बसवलेला. पैसे गेले, पण झोप शांत लागते. थोडं बजेट वाढवा.

सत्तरीचा_कुळागरी
भाटकार, थोडं म्हणजे किती लाख? 😀 माशेलवाले दादा, पोफळीच्या रांगांत जेसीबी शिरत नाही. नऊ फुटांचं अंतर, मध्ये जायफळ आणि केळी.

पेडण्याचा_बाबू
थ्री-पॉइंटचं ऐकलंत ते खरं आहे. माझ्या ट्रॅक्टरचं मागचं हाऊसिंग तडकलं. विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता, काही होत नाही. बकेट आंब्याच्या मुळाखाली अडकली आणि टॉप लिंकच्या (थ्री-पॉइंटच्या वरच्या दांड्याच्या) ब्रॅकेटपासून चीर गेली. बिड आहे ते, वाकत नाही, फुटतं. आता विकणारा फोनही उचलत नाही.

माशेलवाला
म्हणून म्हटलं जेसीबी.

खाणीवरचा_फिटर
हाऊसिंग नंतर, आधी जिवाचं बघा. ट्रॅक्टरची लिफ्ट फक्त उचलते, खाली दाबून धरत नाही. त्यामुळे बकेट अडकली की सगळा बॅकहो वर उसळू शकतो, आणि सीटवरचा माणूस ट्रॅक्टर आणि बॅकहोच्या मध्ये चेपतो. सबफ्रेम त्यासाठी.
दोन्ही बाजूंनी चॅनल पार पुढे न्यायचा, इंजिनच्या बाजूला लोडरसाठी भोकं असतात तिथपर्यंत. मध्ये मागच्या अॅक्सलच्या हाऊसिंगला प्लेटने बोल्ट. म्हणजे ओढ गिअरबॉक्समधून न जाता फ्रेममधून जाते. ट्रॅक्टरच्या बिडाला वेल्डिंग अजिबात नको. प्लेट १२ एमएमच्या खाली नको, बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे (जादा ताकदीचे).
१०० चा चॅनल तुमच्या कामाला चालेल. दोन बाजूंचे मिळून चार-पाच मीटर, वजन पन्नास किलोही भरत नाही. पैसे लोखंडाला जात नाहीत, प्लेट कटिंग, ड्रिलिंग आणि पिन-बुश टर्निंगला जातात. चॅनल कापण्याआधी ब्रेकचे रॉड, ऑइलचा ड्रेन प्लग आणि फिल्टर मोकळे राहतात का ते बघा. नाहीतर दर सर्व्हिसला फ्रेम उतरवत बसाल.

बार्देशी
+१ फिटरबाब. वेल्डिंगचा रॉड मात्र ७०१८ नंबरचाच.

उसगावचा_वेल्डर
७०१८ सगळे सांगतात. घरच्या साध्या एसी सेटवर तो धड पेटत नाही. आणि आपल्या पावसात उघड्या पाकिटातला रॉड दमट होतो, मग वेल्डला नंतर चीर जाते. ओव्हनमध्ये तापवून घेणारे किती आहेत इथे? नीट मारलेला साधा ६०१३ रॉड परवडला.

बार्देशी
ओव्हन नसेल तर काम घेऊच नये.

उसगावचा_वेल्डर
बरोबर, मग उपाशी बसावं.

नियमाप्रमाणे
अवांतर: डोंगर कापायचा नाही ना? गोव्याच्या नगरनियोजन कायद्याचं कलम १७-अ बघा, उतार कापायला किंवा सखल जमीन भरायला लेखी परवानगी लागते.

सत्तरीचा_कुळागरी
अहो, माडाचा खड्डा आहे!

दक्षिणेचा_भाटकार
माडाचा खड्डा किती घेताय? जांभ्या दगडाच्या जमिनीत सव्वा मीटरचा लागतो, लांबी-रुंदी-खोली सगळं तेवढंच. खाली चिरा लागला तर हा बॅकहो नुसता ओरखडे काढेल. मग पहारच. माझ्या ५० एचपीलाही दमवतो.

बार्देशी
फिटरबाबनी सांगितलंच आहे, तरी परत सांगतो: बिडाला वेल्डिंग नको. आणि फ्रेम ट्रॅक्टरवर जागेवरच टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) करताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, अर्थ जोडाशेजारीच लावा. नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो.

सत्तरीचा_कुळागरी
सगळ्यांचे आभार. ठरलं. मामांकडे खाणीच्या कन्व्हेयरचे जुने चॅनल पडून आहेत, तेच वापरणार. वेल्डिंग मेव्हणा करेल. बोल्ट आणि प्लेट नवीन, फिटरबाबनी सांगितल्या तशा. चवथ झाली की काम सुरू.

खाणीवरचा_फिटर
जुना चॅनल नको म्हणतो. वर्षानुवर्षं ओल्या मातीत पडलेलं लोखंड, पापुद्र्याखाली किती उरलंय ते वरून दिसत नाही.

सत्तरीचा_कुळागरी
फुकट आहे हो.

खाणीवरचा_फिटर
बरं. मग निदान ग्राइंडर मारून चकाकी येईपर्यंत घासा आणि कॅलिपरने जाडी मोजा. खड्डे पडलेला तुकडा बाजूला टाका. पहिल्या दिवसाचं काम झालं की सगळे बोल्ट परत आवळा. आणि मेव्हण्याला आधी विचारा, रॉड कुठला वापरतो.