आयपीएस पेशींत मूळ पेशीच्या मिथायलेशनची खूण का उरते?

प्रश्न (रत्नागिरी, एम.एस्सी. जैवतंत्रज्ञान):
आमच्या महाविद्यालयात पेशीसंवर्धनाची सोय नसल्यामुळे प्रकल्पासाठी मी ४५०के अ‍ॅरेची (डीएनएच्या ठराविक जागांवरचे मिथायलेशन, म्हणजे तिथे चिकटलेले मिथायल गट, मोजणारी चिप) खुली माहिती वापरते आहे. तिच्या आलेखात त्वचेपासून केलेल्या मानवी आयपीएस पेशींच्या (प्रौढ पेशीला मागे नेऊन बनवलेल्या मूलपेशी) सेल लाइन, म्हणजे संवर्धनात वाढत राहणारे पेशीसंच, एका बाजूला आणि रक्तापासून केलेल्या दुसऱ्या बाजूला जमतात. मूलपेशीपण टिकवणाऱ्या ऑक्ट-४ जनुकाचा प्रमोटर (जनुक सुरू करणारा भाग) मात्र सगळ्यांतच मिथायलमुक्त आहे. शास्त्रज्ञ यामानाकांनी शोधलेले चार घटक पेशीला मूळपदावर आणतात, तर हा फरक राहतो कसा?

उत्तर (दापोली):
कोय कलम पाहा. रायवळ रोपावर बांधलेली हापूसची काडी मोठ्या झाडाचे वय सोबत आणते, म्हणून कलम लवकर फळते. आयपीएस पेशीने बाठ्यातून उगवलेल्या रोपासारखे असावे ही आपली अपेक्षा, पण तिच्यात थोडे कलम, म्हणजे मूळ पेशीची खूण, उरते. ऑक्ट-४ उघडल्याशिवाय वसाहत टिकतच नाही, त्यामुळे तिथले मिथायल गट गेलेलेच दिसणार. इतर जागी अशी निवड होत नाही आणि तिथले गट पेशी विभागत जातील तसे हळूहळू विरळ होतात. उंदरांवरील २०१० च्या अभ्यासांत रक्तापासून केलेल्या आयपीएस पेशी पुन्हा रक्ताकडे अधिक सहज वळल्या, आणि पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या) वाढले तसा हा कल कमी झाला. तेव्हा प्रत्येक सेल लाइनचा पॅसेज आधी नोंदवा.

उत्तर (सावंतवाडी):
वरील म्हणणे योग्य आहे, परंतु प्रत्येक फरकाला मूळ पेशीची ‘स्मृती’ म्हणू नये. लिस्टर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मानवी आयपीएस पेशींत डीएनएचे असेही पट्टे दाखवले, जे मूळ पेशीशीही जुळत नाहीत आणि भ्रूणीय मूलपेशींशीही नाहीत. सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा आवळलेला भाग) आणि टेलोमिअर (त्याची टोके) यांजवळच्या काही मोठ्या पट्ट्यांत तर सीजीबाहेरचे (डीएनएत ‘सी’नंतर ‘जी’ येते त्या जागा सोडून इतरत्रचे) मिथायलेशनच परत आलेले नव्हते. मूळ पेशी आणि भ्रूणीय मूलपेशी या दोन्हींशी तुलना केल्याखेरीज स्मृती आणि बिघाड वेगळे काढता येत नाहीत. शिवाय मानवी जीनोममध्ये सुमारे २.८ कोटी सीजी जागा आहेत. तुमच्या अ‍ॅरेला त्यांतल्या जेमतेम पावणेदोन टक्के दिसतात आणि सीजीबाहेरचे जवळजवळ काहीच नाही. स्त्री-दात्यांच्या सेल लाइनमध्ये निष्क्रिय एक्स गुणसूत्रावरचे मिथायलेशन संवर्धनात ढासळते, म्हणून एक्स वगळून आलेख पुन्हा काढा.

प्रश्नकर्ती:
एक्स वगळले, तरी गट तसेच आहेत. त्वचेच्या सगळ्या सेल लाइन एकाच प्रयोगशाळेतल्या आहेत आणि रक्ताचे दातेही निराळे आहेत.

उत्तर (सावंतवाडी):
मग या माहितीवरून उगम, दाता आणि प्रयोगशाळा यांचा प्रभाव वेगळा सांगता येणार नाही. एकाच दात्याच्या त्वचेपासून आणि रक्तापासून केलेल्या, समान पॅसेजच्या जोड्या असलेला संच शोधा.