आठ रात्री घर बंद आणि घरात दोन मांजरं: खाण्याची, वाळूची सोय कशी लावावी?

तिसरा_मजला

गौरी-गणपतीला आम्ही सगळे चिपळूणजवळ गावी जातोय. चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघणार, पुण्यातला फ्लॅट आठ रात्री बंद. घरात दोन मांजरं आहेत. बोका ५ वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन ५.५ किलो. गेल्या वर्षी त्याची लघवी तुंबली होती, तेव्हापासून डॉक्टरांनी सांगितलेलं युरिनरी खाणं (लघवीच्या त्रासासाठीचे खास दाणे) चालू आहे. भाटी ३ वर्षांची, ३.५ किलो, साधे कोरडे दाणे आणि रात्री ओल्या खाण्याचं एक पाऊच. शेजारच्या काकू रोज सकाळी एकदा येतील, मांजरं त्यांना ओळखतात.

सध्याचा बेत: मोठा ऑटोमॅटिक फीडर भरून ठेवायचा, पाण्याचं एक मोठं पातेलं, शू-शीसाठी वाळूचे दोन ट्रे आणि हॉलमध्ये कॅमेरा. यात काय चुकतंय? की सरळ बोर्डिंगला ठेवावं?

सह्यधारा

फीडर ठेवा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. तुमच्याकडे दोघांचं खाणं वेगळं आहे आणि एकाच फीडरसमोर दोन मांजरं असली की दांडगं मांजर दुसऱ्याचंही खातं. बोका भाटीचे दाणे खाणार, त्याचं पथ्य मोडणार, आणि आठ दिवस कुणाच्या लक्षात येणार नाही कारण फीडर तर रिकामा होतच असतो. भरलेल्या भांड्याचा मोठा तोटा हाच: कुणी जेवणं सोडलं तरी ते दिसत नाही.

त्यापेक्षा पुड्या बांधा. किचनच्या वजनकाट्यावर चार-पाच दिवस रोज मोजून बघा, आत्ता कोण किती खातं. तोच आकडा खरा. ताळा म्हणून सांगतो: कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, नेमका आकडा पिशवीवर छापलेला असतो. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ५.५ किलोच्या बोक्याला दिवसाला २५०च्या आसपास कॅलरी पुरतात, म्हणजे ६५ ते ७० ग्रॅम. भाटीला २०० धरा, म्हणजे ५० ते ५५ ग्रॅम. ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये साधारण ७० कॅलरी असतात, म्हणून पाऊच दिलं त्या दिवशी दाणे १८-२० ग्रॅमने कमी.

प्रत्येक वेळची, प्रत्येक मांजराची पुडी वेगळी. बोक्याच्या पुडीवर लाल पट्टी, भाटीच्या पुडीवर निळी, वर तारीख आणि सकाळ किंवा संध्याकाळ. आठ दिवसांच्या ३२ पुड्या होतील. वर दोन दिवसांच्या ८ जास्त बांधा, पावसात घाटात दरड आली की परत यायला उशीर होतो. सगळ्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात. भाद्रपदातल्या दमट हवेत उघडे दाणे दोन दिवसांत मऊ पडतात आणि मांजर वास घेऊन निघून जातं.

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून, २० मिनिटं. उरलेलं उचलायचं आणि पुडीवर लिहायचं: सगळं, अर्धं, काहीच नाही. काकूंना इतकंच लिहायला सांगा.

फीडर वापरणारच असाल तर फक्त संध्याकाळच्या वेळेसाठी, आणि आत दोघांनाही चालेल असं युरिनरी खाणंच. डॉक्टरांना आधी विचारा, निरोगी मोठ्या भाटीला थोडे दिवस ते बहुतेक वेळा चालतं. अॅडॅप्टर लावा आणि सेलही घाला. नुसत्या विजेवर चालणारा फीडर लाईट गेली की काही मॉडेलमध्ये वेळ विसरतो. 'एक पोर्शन म्हणजे १० ग्रॅम' या छापील आकड्यावर विसंबू नका: दहा पोर्शन पाडा, वजन करा, दहाने भागा. दाण्याचा आकार बदलला की हा आकडा बदलतो. निघायच्या आधी निदान आठवडाभर घरात असताना चालवून बघा. दाणे चाकात चिकटून अडकायचे असतील तर तेव्हाच अडकतील.

भाटीची_आई

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त बोक्याबद्दल लिहिते, कारण तुमच्या घरात खरी काळजी त्याची आहे.

बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडे किंवा चिकट गाठ अडकली की लघवी पूर्ण थांबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयावर येतं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. एकदा तुंबलेल्या बोक्याला पुन्हा तुंबण्याचा धोका असतो आणि घर अचानक रिकामं होणं हा ताण त्याला निमित्त पुरवतो. म्हणून याच्यासाठी दिवसातून एकच फेरी मला पुरेशी वाटत नाही. सकाळी ८ आणि संध्याकाळी ७ अशा दोन हव्यात. संध्याकाळची फेरी काकूंना जमत नसेल तर पैसे देऊन माणूस ठेवा, पण निघायच्या आधी त्याला दोनदा घरी बोलावून तुमच्यासमोर खायला घालू द्या.

रोज मोजायचं ते ओल्या गोळ्यांचं. बेंटोनाइट वाळूत शूचा घट्ट गोळा होतो. एका मांजराचे दिवसाला २ ते ४, दोघांचे मिळून ५-६ धरा. जाण्याआधी आठवडाभर तुम्ही स्वतः मोजा, म्हणजे तुमच्या घरचा आकडा कळेल. गोळे एकदम निम्मे झाले, किंवा सुपारीएवढे बारीक बारीक बरेच दिसले, तर ताबडतोब फोन.

काकूंना हे चित्र नीट समजावून सांगा: बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जातो, पाठ वाकवून बसून राहतो, कण्हतो, मागचा भाग सारखा चाटतो, आणि वाळू कोरडीच. पाहणाऱ्याला वाटतं शीला होत नाही, आणि मग कुणी एरंडेल पाजतं, कुणी दूध. यातलं काहीही नको. उद्या सकाळी बघू असंही नको. त्याच तासाला दवाखाना.

ट्रे दोन नकोत, तीन हवेत. वाळू ५ ते ७ सेंटिमीटर. नेहमीचाच ब्रँड. नवी वाळू, नवी जागा, नवा ट्रे, यातलं काहीही या आठवड्यात सुरू करू नका.

कॅमेरा हॉलमध्ये लावून मांजर झोपलेलं दिसेल. तो ट्रेकडे तोंड करून लावा.

रास्ता_पेठ

बोर्डिंगचं विचारलंय म्हणून. सर्वसाधारण मांजराला आपलं घर बरं, तिथले वास त्याच्या ओळखीचे असतात. पण संध्याकाळी येणारं कुणीच मिळालं नाही, तर या बोक्यापुरतं मी दवाखान्याच्याच बोर्डिंगला ठेवा म्हणेन. अटी तीन: कुत्र्यांपासून वेगळी खोली, रोजच्या लघवीची नोंद आणि रात्री हाक मारली तर येणारा डॉक्टर. लसी चालू असाव्यात, शेवटची लस निदान दोन आठवडे आधी झालेली असावी.

आणि एकालाच बाहेर ठेवलंत तर परत आल्यावर दुसरं त्याच्यावर फिस्कारेल. दवाखान्याचा वास येत असतो. दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवून एकमेकांची अंथरुणं अदलाबदल करा, मग भेटवा.

तिसरा_मजला

खूप उपयोग झाला. संध्याकाळसाठी सोसायटीतलाच एक कॉलेजचा मुलगा तयार आहे. आणखी दोन गोष्टी: खाणं किती वेळ थांबलं की घाबरायचं? आणि घरात आवराआवर करताना काय बघू? ट्रे बाथरूममध्ये आहेत.

निंबोणी

पहिल्या दिवशी दिवाणाखाली लपून अर्धंच खाल्लं तर घाबरू नका, ओढून बाहेरही काढू नका. पण २४ तासांत काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरांना फोन, आणि ४८ तासांची वाट अजिबात बघायची नाही. उपाशी मांजराच्या, त्यातही जाड मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मग ते आणखीनच खात नाही. पाऊच फ्रिजमधून काढल्यावर वाटी पाच मिनिटं कोमट पाण्यात धरायची. थंड खाण्याला वास येत नाही, आणि मांजर आधी वासाने जेवतं. बाहेर ठेवलेलं ओलं खाणं तासाभरात टाकून द्यायचं. उघडलेलं पाऊच झाकून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचं.

पाणी एका पातेल्यात नको. तीन पसरट स्टीलच्या वाट्या तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब, रोज विसळून ताजं. खाण्यातलं धरून किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली पाणी लागतं, म्हणजे तुमच्या बोक्याला २७५ मिलीच्या आसपास. त्याच्या दाण्यांच्या पुडीवर दोन चमचे कोमट पाणी घातलेलं चांगलंच, खात असेल तर.

आता घर. बाथरूमपासून सुरुवात करा. पावसाळी वाऱ्याने दार आपटून बंद झालं की ट्रे आत आणि मांजरं बाहेर, किंवा उलट. दाराच्या फटीत रबरी पाचर मारा, वर कडीला दोरीने बांधून भिंतीच्या हुकाला अडकवा. एकावर विसंबू नका. खोल्यांच्या दारांनाही तेच. खायला घालताना लावलेली दारं निघताना परत उघडायची, हे काकूंच्या कागदावर लिहा. बाथरूमच्या लूव्हरच्या (आडव्या पट्ट्यांच्या खिडकीच्या) काचा बघा, दोन काचा काढलेल्या असतील तर तेवढ्यातून मांजर सहज जातं. सरकत्या खिडकीची प्लास्टिकची मच्छरजाळी नखांनी फाटते. ती खिडकी बंदच.

मुंग्या येणार. परातीत बोटभर पाणी, त्यात मधोमध खाण्याची वाटी. मुंग्यांचा खडू अजिबात ओढू नका. त्यात पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं, मांजराचं यकृत ते नीट पचवू शकत नाही, आणि मांजर पायाला लागलेलं सगळं चाटतं. कुत्र्याच्या गोचिडांचं पर्मेथ्रिन असलेलं औषध, डांबराच्या गोळ्या, काळं फिनेल, हेही याच यादीत. ट्रे धुवायला साधा साबण आणि पाणी.

सणाचे दिवस म्हणून धागा. राखीचे धागे, हार ओवायची सुई-दोरी, मखराची चमचमती झालर, मिठाईच्या खोक्याचा रबर. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, धागा एकदा तोंडात गेला की बाहेर थुंकता येत नाही, पोटातच जातो, आणि आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतडं चिरतं. सुटं टोक कापायचंही नाही. तसंच दवाखान्यात न्यायचं. फुलदाणीत लिली असेल तर तुम्ही निघण्याआधी घराबाहेर काढा. परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंड निकामी होतं.

काकू प्रेमाने दूध-पोळी घालतील, त्यांना आधीच सांगा. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको. मांजर मलूल दिसलं म्हणून पॅरासिटामॉल कधीच नाही, अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते.

काकू आणि संध्याकाळचा मुलगा, दोघांपैकी प्रत्येक जण निघताना दोन्ही मांजरं स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच कुलूप लावेल, हे ठरवून घ्या. कपाट, दिवाणाचा कप्पा, वॉशिंग मशीनचा ड्रम, या तीन जागा शोधायच्या.

सह्यधारा

एक राहिलं. डॉक्टरांना उद्देशून, तुमच्या सहीचं पत्र काकूंकडे द्या: मांजराचं नाव, वजन, आधी लघवी तुंबल्याची नोंद, चालू खाणं, लसींच्या तारखा, आणि 'मी फोनवर सापडलो नाही तरी भूल देऊन कॅथेटर (लघवीची नळी) टाकायला माझी संमती आहे, अमुक रकमेपर्यंत खर्च मान्य आहे'. कोकणात फोनला रेंज नसते तेव्हा हा कागदच कामी येतो. थोडे पैसे आधीच काकूंच्या हातात द्या. न्यायची टोपली माळ्यावर नको, आजपासून हॉलमध्ये उघडी, आत जुना टॉवेल.

सणात तुमचे डॉक्टर कोणत्या दिवशी बंद आहेत आणि रात्री कुठे जायचं, हे आत्ताच विचारून ठेवा. तुमचं परतणं लांबून अनंत चतुर्दशी गाठली, तर विसर्जन मिरवणुकीमुळे लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता ओलांडून रिक्षा मिळणार नाही. नदीच्या तुमच्याच घराच्या बाजूचा एक दवाखाना हेरून ठेवा.

तिसरा_मजला

काकू सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात. वाकून गोळे काढणं जमेल का, याची शंका आहे.

भाटीची_आई

वाकायला लावू नका. ट्रेजवळ प्लास्टिकचं स्टूल ठेवा, बसून काढता येतं. लांब दांड्याची जाळीदार सुपली मिळते, ती घ्या. बाजूला झाकणाची छोटी बादली, आत वर्तमानपत्र, त्यात गोळे टाकायचे. संध्याकाळी मुलगा पुडकं बांधून खाली नेईल. बेंटोनाइट कमोडमध्ये ओतायचं नाही, फुगून पाइप तुंबतो, आणि ओल्या कचऱ्यातही नाही.

मोजणी मात्र दोघांनी केली पाहिजे. बाथरूमच्या दारावर एक कागद, त्याला दोरीने पेन, नाही, दोरी नको, पेन खिळ्याला क्लिपने अडकवा. रकाने चार: वेळ, शूचे गोळे, शी, कुणी बघितलं. रोज रात्री मुलगा त्याचा फोटो पाठवेल. आज संध्याकाळपासून तुम्हीच भरायला घ्या.