ग्रंथालयाची बॅग : ‘मलबार’ नेमके कोणते घ्यायचे?

प्रेषक : माधवी (मुक्काम दादर)

सप्रेम नमस्कार,

रविवारी पहाटेचे परतीचे विमान असल्याने आपल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांची खरेदी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उरकणे भाग आहे. ग्रंथालय समितीची आणि वाचन कट्ट्याची यादी एकत्र केल्यावर ‘द विडोज ऑफ मलबार हिल’, ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ आणि ‘मिडनाइट ॲट मलबार हाउस’ अशी तीन नावे पुढे आली आहेत. छबिलदासच्या गल्लीतील दुकानदाराने पहिले येथे मिळत नाही असे स्पष्ट सांगितले. उरलेली दोन तो मागवून देईल. पहिल्यासाठी फोर्टात जाऊन शोध घ्यावा, की ते वगळावे, हे कृपया गुरुवारपर्यंत कळवावे. मंडळासाठी २३ किलोंची एकच बॅग राखून ठेवली आहे आणि तिच्या एका कोपऱ्यात आईचे मेतकूट व थालीपिठाची भाजणी आधीच विराजमान झाली आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

माधवी

---

प्रेषक : श्रीकांत (ग्रंथालय समिती)

माधवीताई, फोर्टात जाण्याची गरज नाही. पहिली दोन्ही नावे सुजाता मॅसी यांच्या एकाच कादंबरीची आहेत. २०१८ साली ती अमेरिकेत एका नावाने आणि भारतात दुसऱ्या नावाने प्रसिद्ध झाली. वाचन कट्ट्याने आपली यादी परस्पर आपल्याकडे न पाठवता समितीमार्फत पाठवली असती, तर हा घोळ दादरपर्यंत पोहोचलाच नसता. तिसरे पुस्तक मात्र वेगळे आहे. ते वसीम खान यांचे असून त्यातील मलबार हाउस ही पोलीस खात्याला नकोशा झालेल्या अधिकाऱ्यांना नेऊन टाकण्याची जागा आहे.

एकच घ्यायचे झाल्यास मॅसीबाईंचे घ्यावे, असे माझे मत आहे. १९२१ सालच्या मुंबईत पर्वीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या वकिली पेढीत काम करते. एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात आणि तिघींनीही आपल्या हक्काची मालमत्ता धर्मादाय करून टाकण्याच्या कागदावर सह्या केल्या आहेत. परपुरुषाला त्यांच्यासमोर जाता येत नाही, म्हणून सत्य काढायला स्त्री वकीलच हवी. ऐतिहासिक रहस्यकथेची माझी कसोटी हीच आहे : गाठ त्या काळाच्या कायद्यातून आणि रीतीतून पडली पाहिजे. नुसती घोडागाडी उभी करून आत आजचा खून बसवला, तर त्याला इतिहास कशाला हवा? पर्वीनच्या पात्रामागे कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. त्यांचा जन्म नाशिकचा आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले, म्हणजे त्या आपल्याला परक्या नाहीत.

श्रीकांत

---

प्रेषक : सुलभा

नमस्कार. नाशिकचा जन्म असला म्हणून इंग्रजी पुस्तक मराठी होत नाही. मराठी मंडळाच्या वर्गणीतून, मराठी ग्रंथालयासाठी, थेट दादरहून येणाऱ्या बॅगेत इंग्रजी कादंबऱ्या भरायच्या, हे कोणत्या बैठकीत ठरले? ती पुस्तके आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात फुकट मिळतात. दादरला जे मिळते, ते येथे मिळत नाही.

विश्वास पाटील यांच्या ‘महासम्राट’ मालिकेचा ‘झंझावात’ हा पहिला खंड २०२२ साली आला आणि आपल्याकडे अजून त्याची प्रत नाही. तो जाडजूड आहे हे मान्य. पण ‘पानिपत’ आपल्या ग्रंथालयात किती हातांतून फिरून खिळखिळे झाले, हे समितीला ठाऊक असावे. ज्यांना तोफा आणि तलवारी यांचा कंटाळा आला आहे, त्यांच्यासाठी नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ आणावी. ती १९९७ सालची, म्हणजे अगदी ताजी नव्हे; परंतु अठराव्या शतकातील एक सामान्य माणूस मोठ्यांच्या पराक्रमाकडे तिरक्या नजरेने पाहत आपली हकिगत सांगतो, असे मराठीत फारसे कोणी केलेले नाही. ती आवडली तर पुढे पेशवाईच्या अखेरीपर्यंत नेणारी ‘बखर अंतकाळाची’ आहेच.

रहस्यकथांना माझा विरोध नाही. गिरगावात आमच्या चाळीत बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके भाड्याने येत आणि वडील ती रात्रीत संपवून सकाळी आम्हा मुलांच्या हाती पडण्याआधीच परत करीत. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणारा लेखक ज्या भाषेत होऊन गेला, त्या भाषेच्या मंडळाने रहस्यासाठी इंग्रजीकडे पाहावे, याचे वाईट वाटते.

सुलभा

---

प्रेषक : देवदत्त (पार्ले)

मी परत येऊन पार्ल्यात स्थायिक झालो असलो, तरी माझे नाव अजून या यादीवर आहे, म्हणून लिहितो. श्रीकांतरावांच्या कसोटीला नेव्ह मार्च यांची ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ अधिक उतरते. १८९१ साली राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला होता. त्यांपैकी एक पुढे कुलुपांच्या कारखान्यामुळे प्रसिद्धीस आलेल्या अर्देशीर गोदरेज यांची पत्नी होती. त्या घटनेवर लेखिकेने कथानक बेतले आहे. टॉवरखालच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी परीक्षेचा अभ्यास केला, रंगीत काचांतून टेबलावर उतरणारा निळा-तांबडा उजेड वहीवरून सरकताना पाहिला, पण वर काय घडले होते ते मला या कादंबरीमुळेच कळले. दोष एवढाच की, नायक मध्येच मुंबई सोडून पार पठाणकोटपर्यंत जातो आणि रहस्य तेवढा वेळ ताटकळत राहते.

वसीम खान घ्यायचेच असतील, तर मालिकेतले पुढचे ‘द डाइंग डे’ घ्यावे. त्यात एशियाटिक सोसायटीतून दान्तेच्या महाकाव्याचे हस्तलिखित नाहीसे होते. असे हस्तलिखित सोसायटीच्या संग्रहात खरोखर आहे.

देवदत्त

---

प्रेषक : श्रीकांत

देवदत्त, पुढचे आधी देऊ नये. पर्सिस वाडिया ही देशातील पहिली स्त्री पोलीस निरीक्षक आणि तिला मिळालेली वागणूक, हे सारे ‘मिडनाइट’मध्ये येते. १९४९ सालच्या अखेरच्या रात्रीच्या मेजवानीत एका इंग्रज अधिकाऱ्याचा खून होतो आणि तेव्हा कामावर हजर तीच असते, म्हणून तपास तिच्याकडे येतो. २०२१ साली या पुस्तकाला ब्रिटनमधील ऐतिहासिक रहस्यकथेसाठीचा डॅगर पुरस्कार मिळाला, तो उगाच नव्हे. सुलभाताई, इंग्रजी पुस्तकांची मागणी शनिवारच्या मराठी शाळेतील मोठ्या मुलांच्या पालकांची आहे. मुले मराठी कादंबरी हातात धरत नाहीत, पण गिरगाव, भायखळा ही नावे वाचून आजीला प्रश्न विचारतात.

---

प्रेषक : सुलभा

तर मग आजीलाही वाचायला काही असू द्यावे.

---

प्रेषक : माधवी

दुकानात ‘झंझावात’ आणि ‘अंताजीची बखर’ दोन्ही मिळाली. ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ आणि ‘मिडनाइट’ उद्या दुपारी येतील. ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ची प्रत दुकानदाराकडे नाही. देवदत्त, आपल्याकडची प्रत मंडळाला देणार असाल, तर शनिवारी पार्ले स्थानकावर उतरून मी ती घेऊन जाईन.

---

प्रेषक : देवदत्त (पार्ले)

देतो, पण देणगी म्हणून नव्हे. ग्रंथालयाच्या वहीत ‘उसनी’ अशी नोंद करावी. पूर्वेला, तिकीटखिडकीपाशी, सकाळी अकरा वाजता.