मदत हवी आहे: आमसुलं घातलेलं मीड १.०६० वर अडकलंय

मंडळी, तीन आठवडे वाट पाहून शेवटी इथे विचारते आहे.

मी मिशिगनमध्ये राहते. दोन वर्षांपासून घरी मीड करते, म्हणजे मध पाण्यात कालवून यीस्टने आंबवलेली वाइन. फळं घातली की तिला मेलोमेल म्हणतात, मसाले घातले की मेथेग्लिन. इथे घरापुरती वाइन करायला १९७८ च्या केंद्रीय कायद्याने मुभा आहे, एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलनपर्यंत. विकायची मात्र नाही.

पहिलं मीड साधं केलं, नुसत्या मधाचं. दुसऱ्यात ट्रॅव्हर्स सिटीकडच्या आंबट माँटमोरेन्सी चेरी घातल्या आणि ते इतकं सुरेख झालं की मला धीर आला. माहेर कुडाळचं, त्यामुळे पुढचं कोकमाचंच करायचं हे तेव्हाच ठरलं होतं. नवऱ्याचा पन्नासावा वाढदिवस डिसेंबरात आहे. त्या दिवशी हे टेबलावर असावं अशी फार इच्छा आहे.

काय केलं ते सगळं सांगते:

मध १.४ किलो (इथला रानफुलांचा, न तापवलेला), पाणी घालून एकूण ४ लिटर. यीस्ट लॅल्विन डी-४७, ५ ग्रॅमची पुडी. यीस्टला खाऊ म्हणून २५ बेदाणे. तळघरात १७-१८ अंश सेल्सियस असतं. सुरुवातीचा हायड्रोमीटरचा आकडा १.१०५ (ही पाण्याच्या तुलनेतली घनता; साखर आंबत जाते तसा आकडा १.००० कडे उतरतो). तिसऱ्या दिवशी १.०८८, छान फसफसत होतं. चौथ्या दिवशी १२० ग्रॅम आमसुलं धुऊन कापडी पिशवीतून आत सोडली. सातव्या दिवशी १.०६२, चौदाव्या दिवशी १.०६०, आज एकविसावा दिवस, अजूनही १.०६०. एअरलॉकमधून, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून, बुडबुडा नाही. आकडा घेताना हायड्रोमीटर फिरवून त्याला चिकटलेले बुडबुडे झटकले होते, त्यामुळे वाचनात चूक नसावी.

रंग डोळ्यांत भरावा असा लाल आहे. चव अति गोड आणि अति आंबट, दोन्ही एकदम. झाकण उघडल्यावर उकडलेल्या अंड्यासारखा हलका वास येतो. पीएच पाहायला पट्ट्या आणल्या, पण कोकमाचा रंग पट्टीवरच चढतो आणि काही कळत नाही.

माझे प्रश्न: यीस्ट मेलं का? आणखी एक पुडी घालू का? नवरा म्हणतो, गोडच छान लागतंय, आहे तसं बाटल्यांत भरून टाकू. भरू का?

सोलकढी:
ताई, आमसुलं कुठली होती? आमच्याकडे रातांब्याची सालं त्याच्याच रसात बुडवून वाळवतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात, आणि बहुतेक घरांत त्या रसात मीठ असतं. दुकानातल्या पाकिटावर मीठ लिहिलंय का बघा. मला तर मिठाचाच संशय येतोय.

धागाकर्ती:
पाकीट पाहिलं. मीठ लिहिलंय, किती ते नाही. आणताना हे लक्षातच आलं नाही.

तळघर:
मी बारा-तेरा वर्षं मीड करतोय, असं अडकलेलं मीड माझ्याकडेही झालंय. काळजी करू नका, हे वाचेल.

आधी मिठाचं पाहू. १२० ग्रॅम आमसुलांत अगदी पाव भाग मीठ धरलं तरी ते ३० ग्रॅम होतं, म्हणजे ४ लिटरमध्ये एक टक्क्याहूनही कमी. पावाच्या कणकेत मैद्याच्या साधारण दोन टक्के मीठ असतं, तरी ती फुगते. त्यामुळे चवीला मीठ जाणवेल, पण काम त्याने थांबवलेलं नाही.

मला दोन कारणं दिसतात. एक, भूक. मधात साखर भरपूर, पण यीस्टला लागणारा नायट्रोजन जवळजवळ नाही. बेदाण्यांचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण २५ बेदाण्यांतून मिळणारा नायट्रोजन अगदीच नगण्य. तो अंड्याचा वास उपाशी यीस्टचाच आहे. दुसरं, आंबटपणा. मधाच्या पाण्याला आंबटपणा झेलण्याची ताकद फार कमी असते. आंबताना त्याचा पीएच आपोआप घसरतो. तुम्ही नेमका त्याच वेळी कोकमासारखा जहाल आंबट पदार्थ आत सोडलात. पीएच ३ च्या खाली गेला की बरीचशी यीस्टं आखडतात. चेरीत ही अडचण आली नाही कारण चेरीसोबत तिचा रस, साखर आणि थोडं पोषणही आत आलं होतं. आमसुलं म्हणजे नुसती सालं आणि आम्ल.

आता करायचं असं. आमसुलांची पिशवी आजच काढा. पट्ट्या विसरा, लाल पेयात त्या निरुपयोगी आहेत. साधा पीएच मीटर घ्या. मग मीड हलक्या हाताने ढवळून आतला वायू काढा, नाहीतर पुढच्या पायरीला फेस उसळून जमिनीवर येईल. आंबटपणा कमी करायला पोटॅशियम बायकार्बोनेट एका वेळी पाव चमचा घाला, ढवळा, पीएच मोजा. ३.४ च्या आसपास आलं की थांबा. त्यापुढे जाऊ नका, कारण कोकमाचा तो लाल रंग आम्लावर टिकून आहे. आम्ल मारलं की तो मळकट जांभळा होत जातो. खाण्याचा सोडा वापरू नका, त्याने आणखी खारट होईल.

नंतर फर्मेड-ओ (यीस्टला नायट्रोजन देणारं खाद्य) द्या, १ ग्रॅम आज, १ ग्रॅम दोन दिवसांनी. सध्या अल्कोहोल सहा टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे यीस्ट ते अजून घेऊ शकतं. नवी पुडी कोरडी टाकू नका. के१-व्ही१११६ हे यीस्ट आणा, ते चिवट आहे. कोमट पाण्यात गो-फर्मसोबत (कोरडं यीस्ट भिजवताना घालायचं पोषण) जागं करा, मग वाटीभर मीड त्यात घाला, वीस-पंचवीस मिनिटं थांबा, पुन्हा वाटीभर. नवं यीस्ट त्या आंबटगोड पाण्याला असं हळूहळू सरावलं पाहिजे.

आणि बाटल्या अजिबात भरू नका. १.०६० म्हणजे आत प्रचंड साखर शिल्लक आहे. आत्ता झोपलेलं यीस्ट उन्हाळ्यात जागं झालं तर बंद बाटली फुटते, काचा भिंतीत रुततात. गोड मीड हवं असेल तर आधी पूर्ण आंबू द्यावं, गाळ खाली बसल्यावर निवळ दुसऱ्या बरणीत काढावी, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट दोन्ही घालून यीस्टला थोपवावं, आणि मगच मध घालून गोडी वाढवावी.

पुढच्या वेळी आंबट वस्तू शेवटी घाला. निवळ काढल्यावर बिनमिठाची आमसुलं बुडवायची आणि रोज चव घ्यायची. अल्कोहोल अर्क भराभर ओढतं, चार दिवसांतही पुरे होतं. तिरफळ घालून पाहायचं असेल तरी हाच मार्ग, आणि ४ लिटरला चार-पाच दाणेच, बिया काढून.

पुणेकर वाचक:
वाचून करावंसं वाटतंय. मला इथे महाबळेश्वरचा जांभळाचा मध सहज मिळतो. करू का? आणि हे हातभट्टीसारखं विषारी तर होत नाही ना?

धागाकर्ती:
दादा, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे कृपया करू नका. पुण्यातल्या मूनशाइन या कंपनीचं मीड परवानाधारक दुकानात मिळतं, चव घ्यायची तर ते घ्या. विषाचं म्हणाल तर माझ्या आईनेही फोनवर पहिलं हेच विचारलं होतं. विषारी दारूत बहुधा मिथेनॉल मिसळलेलं असतं. मीडमध्ये आपण उकळून अर्क काढतच नाही, मध फक्त आंबतो, त्यामुळे तशी भीती नसते. जांभळाच्या मधाचा मात्र मला हेवा वाटतो. त्याचा तो किंचित कडवटपणा मीडमध्ये काय सुंदर उतरला असता!

धागाकर्ती (नऊ दिवसांनी):
तळघर, मनापासून आभार. मीटरवर पीएच २.८ निघाला. पाव पाव चमचा करत ३.३५ वर आणला आणि तिथेच थांबले. रंग थोडा गडद झालाय, पण लालच आहे. नवं यीस्ट तुम्ही सांगितलं तसं वाटी-वाटीने सरावून घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तळघराचं दार उघडलं तर एअरलॉकचा आवाज पायरीवरच ऐकू आला. आज आकडा १.०३८ आहे आणि अंड्याचा वास गेलाय. मीठ जिभेच्या टोकाला अगदी पुसटसं लागतं, सोलकढीत लागतं तसं.

डिसेंबरपर्यंत हे पुरेसं निवळेल का, की आतापासूनच बरणी गॅरेजच्या थंडीत ठेवू?

तळघर:
आत्ता नको, थंडीत पुन्हा झोपेल. लागोपाठ दोन आठवडे आकडा हलला नाही आणि तो १.००० च्या जवळ असला, की मग ठेवा.